सगळी घरचीच माणसं

१

धारच्या सुमंगलाबाई आगाशे यांना वर्षातून एकदाच गप्प बसावं लागे, आणि तेवढंही त्यांना कधी धड जमलं नाही. खोटं कशाला बोला! गौरीचे खडे तळ्यावरून मुक्यानं आणायचे आणि वाटेत मागे वळून बघायचं नाही, ही त्यांच्या सासरची जुनी चाल. तळं ते घर म्हणजे जेमतेम दोन गल्ल्या. पण त्या दोन गल्ल्यांत बाईंना दूधवाला भेटे, नाहीतर कुणाची माहेरवाशीण सून भेटे, आणि "काय गं, कधी आलीस?" एवढं तरी तोंडातून निसटेच. मग दारातून त्यांचे यजमान चिंतामणराव ओरडत, "झालं! गौरीच्या आधी हिचा आवाज पोचला!" बाई म्हणत, "बाई माणूस माहेराला येतंय, तिला काय मुकं माहेर आवडणार आहे?"

या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं. सून ऋजुता देवासला होती. तिला आठवा महिना लागला होता. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी तिला फारसं उठूसुद्धा दिलं नव्हतं. तेव्हा यंदाच्या गौरी-गणपती देवासलाच, मुलाकडे, अंबरीशकडे करायच्या ठरल्या. चिंतामणराव गणपती घेऊन आधीच गेले. खडे तेवढे धारच्या तळ्याचेच हवेत, म्हणून बाई मागे राहिल्या.

आदल्या संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. "आई, एक मागू का? यंदा वाटेत बोलू नका हं. माझा विश्वास आहे असं नाही. पण आता मला कुठलीच गोष्ट कमी पडायला नकोय."

"नाही गं बोलणार. जीभ दाताखाली धरून येते बघ," बाईंनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. देवास काही दोन गल्ल्यांवर नव्हतं.

त्यात गाव बंद. दोन मिरवणुकांचा रस्ता एकच निघाला होता, त्यावरून बाचाबाची झाली आणि मग दगड आले. पहिला दगड कुणी मारला यावर दोन मतं होती आणि दोन्ही मतं मोबाइलवर फिरत होती. बाजार बंद, बस बंद, चौकात पोलीस. दुपारी थोडा वेळ कर्फ्यूत ढील मिळणार होती, तेवढ्यात निघायचं होतं.

२

खंडोजीनं तूफान जीप तळ्याच्या पायऱ्यांपाशीच आणून लावली. खंडोजीचे पणजोबा धारच्या पवार राजांच्या पागेत होते, हा जीप चालवतो, आणि मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत उतरतो. त्याला सगळं फोनवर समजावून ठेवलं होतं. काकू बोलणार नाहीत, त्यांना काही विचारायचं नाही.

बाईंनी काठाशी बसून पाच खडे वेचले, धुतले, हिरव्या खणात गुंडाळले, पितळी तांब्यात ठेवले आणि तांब्या छातीशी धरून उठल्या. पायऱ्या चढताना मागून ओल्या पावलांचा आवाज आला. फट, फट. त्या थांबल्या तसा तोही थांबला.

तळ्यावर एरवी कुणी ना कुणी असतंच. आज काठावर चिटपाखरू नव्हतं, हे त्यांना वरच्या पायरीवर आठवलं, पण तेव्हा मान वळवायची सोय नव्हती. मागे बघू नये हे ज्यांनी ठरवलं, त्यांनी का ते सांगून ठेवलेलं नाही. 'असेल कुणी धुणंवाली. ढील मिळाली तशी आली असेल बिचारी,' असं मनाशी म्हणून बाई गाडीत चढल्या आणि मधल्या बाकावर खिडकीशी बसल्या.

"या, या. तुम्ही मागे बसा," खंडोजी मागच्या दाराशी कुणाला तरी म्हणत होता. "ती दांडी पकडा बरं का, रस्ता खराब है." दार लागलं. गाडी मागच्या बाजूला किंचित दबली.

एवढ्यात गल्लीतून एक बाई धावत आली. डोक्यावर ओढणी, खांद्याला पिशवी, चेहरा घामानं डबडबलेला. "भिया, देवास? बस तो बंद है. मेरी अम्मी अस्पताल में है." तिचं नाव तस्लीम. सरदारपूरच्या सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गावर शिकवायची. खंडोजीनं आरशातून काकूंकडे बघितलं. काकूंनी जोरात मान हलवली, की घे म्हणून, विचारतोस काय.

शेवटी आला पीयूष, औषधांच्या कंपनीचा विक्रेता, जाडजूड बॅगवाला. तो पुढे खंडोजीशेजारी बसला. "काकू, मी पण मराठीच आहे. समजतं मला सगळं, बस वाचता नाही येत," असं त्यानं न विचारता सांगून टाकलं.

तस्लीम मधल्या बाकावर बसली, पण मधे हातभर जागा सोडून. तिनं तांब्या बघितला होता, खण बघितला होता. आपला स्पर्श चालेल की नाही असा तिला प्रश्न पडला असणार. सुमंगलाबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला सरळ आपल्याजवळ ओढून घेतलं. हातभर अंतर ठेवून देवासपर्यंत बसायचं म्हणजे काय, शिक्षा आहे का!

३

मोठा रस्ता पुढे अडवलाय असं कळलं, म्हणून खंडोजीनं गाडी आतल्या वाटेला घातली. देपालपूर, मग सांवेर, मग देवास. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, काळ्या मातीत पाणी साठलेलं. बेडूक ओरडत होते.

आणि बाईंचे हाल सुरू झाले. शेजारी नवी कोरी बाई, तिची आई आजारी, आणि विचारायला तोंड नाही! त्यांनी डोळे मोठे केले, हनुवटी उडवली, हवेत हात गोल फिरवला.

"काकूंना उलटी होतेय वाटतं," पीयूष घाबरून म्हणाला.

"नाही हो," तस्लीम हसली. "काकीजी पूछ रही हैं, अम्मी को क्या हुआ. मेरी पहली क्लास के बच्चे ऐसे ही बोलते हैं, आधे दिन तो मैं इशारेच वाचते." मग बाईंकडे वळून म्हणाली, "मला थोडी मराठी येते, काकीजी. लहानपणी शेजारी जोशी होते. पुरणपोळी मागण्यापुरती शिकले."

बाईंचा जीव एकदम तिच्यावर जडला. आईचं हाड मोडलंय, ऑपरेशन आहे, घरी मुलगी नवऱ्याजवळ ठेवलीय, असं सगळं त्यांनी खुणांनीच काढून घेतलं. मग सांगायची पाळी आपली. त्यांनी पोटावर हात फिरवला, देवासकडे बोट दाखवलं, दोन बोटं वर करून ती मिटली आणि तांब्याला कपाळ टेकवलं.

तस्लीमनं त्या मिटलेल्या बोटांकडे बघितलं. "बहू," ती म्हणाली. "दो चले गए. इस बार ठीक रहे, इसलिए आप चुप हैं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला एवढं इशाऱ्यानं कळलं नसतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

पीयूषनं बिस्किटांचा पुडा फोडला. खंडोजीला दिलं, तस्लीमला दिलं. बाईंनी मानेनंच नको म्हटलं, खडे पाटावर बसल्याशिवाय त्यांना खायचं नव्हतं. "मागे पण दे रे," खंडोजी म्हणाला. पीयूषनं बाकावरून हात लांबवला आणि मागच्या बाईला बिस्किट दिलं. "भूक लागली होती बिचाऱ्यांना," तो पुढे वळत म्हणाला.

मागे कोण आहे, हे बाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तस्लीमची सासू असणार, तिच्या आधीच येऊन बसलेली; बुजरी दिसते, कर्फ्यूनं भेदरली असेल. बिचारीला एकटीला मागे बसवलंय. घरी पोचल्यावर तिलाही चहा पाजूनच सोडायचं, असं त्यांनी मनात पक्कं केलं.

४

देपालपूर मागे पडलं तेव्हा पहिल्यांदा तो आवाज त्यांच्या लक्षात आला. खड्यावर खडा वाजावा तसा. टक. टक.

तांब्यातले खडे हलले असतील म्हणून त्यांनी आत बोटं घातली. खण घट्ट होता, खडे जागच्या जागी होते. टक. टक. आवाज मागून येत होता, अगदी बाकाच्या पाठीशी. कुणी मुठीत खडे घेऊन चाळवत बसलं असावं.

'तस्बीह असेल,' बाईंनी स्वतःला समजावलं. 'जपमाळ ओढत असतील सासूबाई. आपण नाही का ओढत?' पण माळेच्या मण्यांचा आवाज असा ओला येत नाही. आणि वास! तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटतं तेव्हा तळच्या गाळाला येतो, तसा वास गाडीत येत होता. बाहेर पावसाचा थेंब नव्हता, तरी त्यांच्या चपलेखाली जमीन निसरडी झाली होती. मागच्या बाकाखालून पाण्याचा एक बारीक ओघळ पुढे आला होता.

गणपतीचे दिवस, भिजलेली छत्री ठेवली असेल कुणी. बाईंनी पाय वर घेतले. मान वळवली की उलगडा होणार होता, पण मान वळवायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर आता त्यांना वळवावीशी वाटतही नव्हती.

"माताजी, खिडकी लावून घ्या, वारा येतोय," खंडोजी आरशात बघून मागे म्हणाला. काच हळूहळू सरकली.

५

सांवेरच्या अलीकडे एका गावाशी रस्त्यात बाभळीचा ओंडका आडवा टाकलेला होता. गावाचं नाव घेत नाही, त्या आठवड्यात तसली गावं पुष्कळ होती. कपाळाला गुलाल, हातात काठ्या, वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यांच्यापर्यंत काहीतरी बातमी आली होती. खरी की खोटी, कुणी बघितलंय? डोळे मात्र लाल होते.

"कहाँ से? धार से?" एकानं बॉनेटवर काठी आपटली. "कौन-कौन है अंदर? नाम बताओ सब अपना-अपना."

खंडोजीनं नाव सांगितलं. पीयूषनं सांगितलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नाही. काठीचं टोक मधल्या खिडकीकडे आलं.

तस्लीमनं ओढणी घट्ट धरली होती. तिचा हात बाईंच्या हाताखाली होता आणि तो इतका थरथरत होता, की तांब्यातले खडे आता खरोखरच वाजायला लागले. ती नाव खोटं सांगणार नव्हती, हे बाईंना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पहिलीच्या पोरांना शिकवणारी बाई ती, खोटं बोलायला तिला वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ ही पोरं देणार नव्हती.

ऋजुताचा आवाज बाईंच्या कानात होता. आता मला कुठलीच गोष्ट कमी पडायला नकोय. जीभ दाताखाली होती. त्यांनी ती सोडली.

"अरे मेल्यांनो, गौर घेऊन चाललेय मी घरी!" बाई कडाडल्या, आणि दुपारपासून कोंडलेला तो आवाज असा निघाला की पुढचा पोरगा मागेच सरला. "दिखता नहीं क्या? सुनेचे दिवस भरत आलेत, मुहूर्त टळतोय, आणि तुम्ही नावं विचारताय? सब मेरे घर के हैं. हा भाचा, ही माझी मुलगी. सगळी माझी माणसं आहेत. काठी खाली घे आधी! आई नाही का रे घरी तुला?"

पोरगा ओशाळला. "माताजी, चेकिंग है बस." दुसरा गाडीला वळसा घालून मागे गेला होता. त्यानं मागच्या काचेला नाक लावलं. "और ये? ये पीछे वाली कौन है?"

बाईंनी मागे बघितलं नाही. तेवढा एक नियम अजून शिल्लक होता. "ती पण माझीच," त्या म्हणाल्या. "घरचीच आहे. तिलाही घरीच घेऊन चाललेय."

मागच्या बाकावर कुणीतरी श्वास सोडला. फार वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा, तसा. काचेपाशी उभा असलेला पोरगा दोन पावलं मागे झाला, त्याच्या हातातली काठी खाली पडली, आणि ती उचलायला तो वाकला नाही. "जाने दो," तो मित्रांना म्हणाला. "जाने दो इनको, जल्दी."

ओंडका बाजूला झाला.

६

गाव मागे पडलं. मग तस्लीम रडायला लागली. "मेरे लिए तोड़ा आपने. बहू को क्या कहेंगी?"

"काय म्हणायचंय? अगं, तोंड उघडायला मला नेहमी निमित्तच हवं असतं," बाई म्हणाल्या. "तुला तिथे उतरवून घेतलं असतं आणि मी गप्प बसले असते, तर तसली गौर घेऊन मी कुठल्या तोंडानं घरी गेले असते? रडू नकोस. गप."

"हमारे मोहल्ले में भी लड़के ऐसे ही खड़े हैं, काकीजी. कल एका भाजीवाल्याला अडवलं. मी ओरडले, पण आतून. खिडकी नाही उघडली." तिनं डोळे पुसले. "तुम्ही खिडकीतून ओरडलात."

बाईंनी तिला कुशीत घेतलं. दुपारपासून अडलेलं सगळं बोलणं मग वाहायला लागलं. ऋजुता कशी गुणाची, अंबरीश कसा आळशी, चिंतामणराव कसे घोरतात. पीयूष खो-खो हसला. खंडोजी म्हणाला, "काकू, आता गाडी खरी चालतेय बघा." घडीभर सगळ्यांना आपण एकाच घरातून निघालोय असं वाटलं.

"आणि तुझ्या सासूबाई किती गं शांत," बाई म्हणाल्या. "एक शब्द नाही बोलल्या."

तस्लीमनं त्यांच्याकडे बघितलं. "मेरी सास तो सरदारपूरला आहे. ये तो... आपके साथ है ना? मी आले तेव्हा तुमच्या मागेच बसली होती. बिलकुल मागे. मला वाटलं, जाऊ असेल तुमची."

पीयूषचं हसणं थांबलं. "मी बिस्किट दिलं तेव्हा," तो म्हणाला, "त्यांचा हात लागला होता मला." तो हात पँटला पुसत राहिला.

खंडोजीनं वर हात नेला आणि आरसा छताकडे वळवून टाकला.

"तस्लीम," बाई हळूच म्हणाल्या, "मला बघता येत नाही. तू बघ आणि सांग."

तस्लीमनं मान वळवली. वळवली आणि तशीच पुन्हा पुढे आणली, आणि बाईंचा दंड दोन्ही हातांनी धरला. "मत पूछिए," ती म्हणाली. "बस, आगे झुककर बैठी है. आपके कंधे के पास. खुश है."

त्याच वेळी बाईंच्या खांद्यावर काहीतरी टेकलं. थंड, ओलं, हलकं. लहान मूल गर्दीत आईचा पदर धरतं तसं त्यानं पदर धरला. आणि कानाशी एका बाईचा आवाज आला, जुन्या वळणाचा, लाजरा.

"घर आले?"

खंडोजीनं ब्रेक दाबला. "काकू, उतरवू का त्यांना? इथेच?"

"थांबवू नको, भिया," तस्लीम ओठातल्या ओठात म्हणाली. "थांबलास तर ती पुढे येऊन बसेल."

बाईंना घाम फुटला. त्यांना घर दिसत होतं, पाट, गणपती, आणि शेजारी उशीला टेकून बसलेली ऋजुता. ही आत गेली तर कुठे बसेल? गरोदर बाईशेजारीच जाऊन बसेल. दारातून हिला आत कुणी बोलावलंय, तर आपणच. घरचीच आहे म्हणालो, घरीच नेतोय म्हणालो. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

७

देवासला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. टेकडीवरच्या देवीच्या दिव्यांची रांग वर दिसत होती. अंबरीशचं घर पायथ्याच्या वस्तीत होतं. लोखंडी फाटक, चार पावलांचं अंगण, मग उंबरा. उंबऱ्यापासून आत कुंकवाची पावलं उमटवलेली होती. ऋजुता दारात खुर्चीवर बसली होती, मांडीवर ताम्हन, एक हात पोटावर. चेहरा सुकलेला, पण सासू दिसताच उजळला.

बाई गाडीतून उतरल्या. मागचं दार आपोआप उघडलं. डांबरावर ओल्या पावलांचा आवाज आला. फट, फट. तो येऊन त्यांच्या पाठीशी थांबला.

त्यांनी तांब्या तस्लीमच्या हातात दिला.

"मी?" तस्लीम दचकली. "मुझसे चलेगा?"

"माझ्याकडून आता चालणार नाही गं. मी बोललेय, आणि माझ्यामागे ही आहे. मी आत गेले की ही येणार. तू जा. इथून पाटापर्यंत बोलू नकोस, आणि मागे बघू नकोस."

"मी बघणारच नाही, काकीजी," तस्लीम म्हणाली. तिनं ओढणी सारखी केली, तांब्या छातीशी धरला आणि फाटकातून आत गेली. बाईंनी तिच्यामागे फाटक ओढून घेतलं, बाहेरून. कडी लावली आणि फाटकाला पाठ टेकवून, मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या.

"आई? या कोण?" ऋजुतानं विचारलं.

"तिचे पाय धू!" बाई तिथूनच ओरडल्या. "तीच घेऊन आलीय. अंबरीश, बघतोस काय, ऋजुताला वाकता येत नाही. दूध घाल तिच्या पायांवर."

अंबरीशनं वाकून तस्लीमच्या पायांवर दूध-पाणी घातलं. चिंतामणराव निरांजन घेऊन पुढे आले. नेहमीचं काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, फाटकापलीकडच्या बायकोकडे बघितलं आणि मिटलं. ऋजुतानं रीतीप्रमाणे विचारलं, "कोण आली?"

याचं उत्तर बाहेरच्यांनी द्यायचं असतं. ते द्यायला बाईंनी श्वास घेतला, आणि त्यांच्या समोर आणखी कुणीतरी श्वास घेतला.

आता खडे तस्लीमच्या हातात होते. नियम तिचा होता. सुमंगलाबाईंनी मान वर केली आणि बघितलं.

पूर्ण नाही बघवलं. एक हात दिसला, त्यांच्या खांद्यावरून फाटकाच्या गजाकडे गेलेला, बोटं फार फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी. डोक्यावरून ओढलेला निथळता पदर. पदराखाली अर्धा चेहरा. ती बाईंकडे बघतच नव्हती. ती बघत होती उंबऱ्यावरच्या दुधाकडे, कुंकवाच्या पावलांकडे, खुर्चीवरच्या ऋजुताकडे. ओठ हलत होते. उत्तर विसरू नये म्हणून ती ते पुन्हापुन्हा म्हणून बघत होती. मी आले. मी आले.

इतकी भीती बाईंना जन्मात वाटली नव्हती, आणि इतकं वाईटही. या बाईला कुणी कधी आत घेतलं नव्हतं, एवढं त्या अर्ध्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं.

"गौरी आली!" त्या जीव खाऊन ओरडल्या, तिच्या आधी, तिच्याहून मोठ्यानं. "गौरी आली गं, ऋजुता! घे तिला आत!"

तस्लीमनं उंबरा ओलांडला. आतून घंटा वाजली. गजावरचा हात तसाच होता.

सुमंगलाबाईंनी तो धरला. गाळात हात घालावा तसं वाटलं, पण सोडला नाही. "आज नाही हं, बाई," त्या हळू म्हणाल्या. "या घरात नाही. लेकरू आहे आत. मी शब्द दिला, मान्य आहे. पण तो मी माझा दिला, सुनेचा नाही. चल, मी येते तुझ्याबरोबर."

ओठ हलायचे थांबले. कितीतरी वेळानं त्या हातानं त्यांची बोटं धरली.

"आई, आत या ना!" ऋजुताचा आवाज आनंदानं भिजला होता. "खडे बसले पाटावर. बाळानं आत्ता लाथ मारली, खरंच! या ना लवकर!"

"तुम्ही जेवून घ्या," बाई म्हणाल्या. "तस्लीमला पोटभर वाढा आणि अंबरीश, तिला अस्पतालात सोडून ये. मी हिला पोचवून येते."

"कुणाला?"

बाई तो हात धरून गाडीकडे वळल्या. खंडोजी गाडीपाशी उभा होता, पीयूष फाटकाजवळ. दोघांनी माना खाली घातल्या होत्या.

"काकू," खंडोजी म्हणाला, "तुम्ही पुढे बसा ना. माझ्याजवळ."

"नको रे. ती एकटी पडेल."

खंडोजीनं मागचं दार धरून ठेवलं. वर न बघता, दोघी नीट बसेपर्यंत, त्यानं ते लावलं नाही.